पंप बंद असताना

१

मी घरं काढते. म्हणजे अजून बांधलीच नाहीत अशा घरांची चित्रं. वास्तुविशारद नकाशे पाठवतो, मी कॉम्प्युटरमध्ये भिंती उभ्या करते, खिडकीतून ऊन आत सोडते, सोफ्यावर एखादी उशी तिरकी टाकते, आणि दुपारचं जेवण झालं की मशीनला चित्र पक्कं करायला लावते. आमच्या धंद्यात याला रेंडर लावणं म्हणतात. रेंडर लागलं की मशीन जीव तोडून काम करतं आणि मला भांडी घासायला वेळ मिळतो.

अप्पांची दुपारची झोपही त्याच वेळेची आणि त्याच खोलीतली. माझ्या टेबलाशेजारच्या आरामखुर्चीत ते मशीनला पाय लावून पडायचे. माझे वडील. उभा जन्म लोकांचे फ्रिज आणि एसी दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे कुठेतरी काहीतरी घरघरत असल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच.

मशीन मी सुटे भाग आणून स्वतः जोडलेलं. प्रोसेसर तापू नये म्हणून त्यावर लिक्विड कूलर बसवला होता. एक इवलासा पंप, दोन काळ्या नळ्या, वर रेडिएटर आणि त्याचे पंखे. पाणी फिरतं, प्रोसेसरची उष्णता उचलतं आणि रेडिएटरपाशी नेऊन बाहेर टाकतं. मी मोठ्या कौतुकाने अप्पांना समजावलं तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे मोटारीचं रेडिएटर. त्यात नवीन काय? मोटार निदान कुठेतरी जाते, हे जागच्या जागीच तापतंय."

त्या दुपारी मी ओट्याशी होते. एकाएकी घर शांत झालं. आवाज असताना कळत नाही, थांबला की कानात भरतो, तसं. खोलीत गेले तर स्क्रीन काळा. मशीन आपोआप बंद पडलं होतं. पेटीची काच काढून नळ्यांना हात लावला. एक चटका बसेल इतकी गरम, दुसरी गार. पाणी फिरतच नव्हतं.

"अप्पा, कूलर गेला वाटतं."

ते हलले नाहीत. मी पुन्हा हाक मारली. खांद्याला धरून हलवलं. मान एका बाजूला कलंडली. हात हातात घेतला तर गारढोण. मी किती वेळ हलवत होते ते सांगता येणार नाही, पण "अप्पा, अप्पा" म्हणून माझा आवाज फाटला होता, एवढं खरं. मग त्यांनी डोळे उघडले.

"काय गं? काय झालं?"

"कूलर गेला," मी कसंबसं म्हटलं.

"अस्सं होय. मला वाटलं मीच गेलो."

आणि ते हसले. मीही हसले. रडू लपवायला तेच बरं होतं.

२

चहा झाल्यावर अप्पा बाह्या सरसावून आले. असं काही बिघडलं की त्यांना तरतरी येते.

आधी पंपाची केबल काढून पुन्हा लावली. मग दुसऱ्या जागी लावून पाहिली. आत हवेचा बुडबुडा अडकला असेल म्हणून पेटी तिरकी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली. पंपावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केलं. पंप मोकळा करून, त्याखालची उष्णता ओढून घेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावून, पुन्हा स्क्रू आवळले. प्रत्येक वेळी मशीन चालू केलं की पडद्यावर तेच, पंपाचा वेग शून्य.

"गेला," अप्पा म्हणाले. "मेलेल्याला किती टोचणार?"

"नवीन मागवते. पण शुक्रवारी चित्रं द्यायचीयत."

"चालू तर कर. बंद पडेपर्यंत जेवढं होईल तेवढं."

मला ते पटलं नाही, पण रेंडर लावलं. तापमानाचा आकडा वर चढू लागला. अप्पा खुर्ची ओढून मशीनला पाठ लावून बसले आणि एक तळहात त्यांनी गरम नळीवर ठेवला. "हां," ते स्वतःशीच म्हणाले, थंडीत शेकोटीपाशी बसल्यावर माणूस म्हणतो तसं.

आकडा थांबला. मग उतरला. उतरून जिथे आला तिथे तर धडधाकट पंप असतानाही कधी आला नव्हता.

मी पंपाला बोट लावलं. धडधड नाही, थरथर नाही.

"अप्पा, पंप बंद आहे."

"असेल."

"मग हे गार कसं?"

"चालतंय ना? चालत्या गाडीला खीळ घालू नये."

मी मनाची समजूत घातली. गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं, तेवढ्याने थोडं फिरत असेल. किंवा सेन्सरच बिघडला असेल. संध्याकाळपर्यंत चित्र पूर्ण झालं. खिडकीतून येणारं ऊन अगदी खरं वाटत होतं.

३

दुसऱ्या दिवशी अप्पा केस कापायला गेले आणि मशीन बंद पडलं.

ते परत आले, मानेवरचे केस झटकत खुर्चीत बसले, आणि मशीन निमूट चाललं.

योगायोग, मी म्हटलं. पण मन फार पाजी असतं. मी त्यांना खालून दूध आणायला पाठवलं. जिना उतरतानाचा त्यांचा आवाज दूर गेला तसा आकडा चढला. ते वर आले, आकडा उतरला. मग वाटलं, ते बसतात तिथे वाऱ्याचा झोत अडत असेल, त्यामुळे हवा वेगळी खेळत असेल. ते आंघोळीला गेले असताना त्यांच्या जागी खुर्चीवर गाद्या-उशा रचून बरोबर माणसाएवढा ढीग केला. मशीन दोन मिनिटांत बंद.

आंघोळीहून आले तर खुर्चीत उशांचा माणूस. "हा कोण माझ्या जागी?" अप्पा म्हणाले.

"तुमचा बदली कामगार."

"कामाचा दिसत नाही."

त्यांनी उशा खाली ठेवल्या आणि बसले. मशीन सुरू झालं. मी रेडिएटरच्या वर हात धरला. इतक्या कामानंतर तिथून गरम वाफारा यायला हवा होता. हवा गार होती. पंखा लावलेल्या कुठल्याही खोलीतली हवा असते तशी.

म्हणजे उष्णता तयार होत होती, आणि बाहेर येत नव्हती. हे शक्य नाही. ती कुठेतरी जायलाच हवी. हे मला अप्पांनीच लहानपणी शिकवलं होतं, उघड्या फ्रिजसमोर बसवून.

मी त्यांच्याकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यापासून चेहरा पिवळा पडला होता, तो आता लालबुंद होता. स्वेटर काढून ठेवला होता. ते शीळ वाजवत होते. कित्येक वर्षांत मी ती ऐकली नव्हती, आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी पुढचा विचार केलाच नाही.

४

नवा कूलर आला. मी एकटीनेच बसवला. पंप हलकेच गुरगुरला, रेडिएटरमधून गरम झोत येऊ लागला, आकडे जिथे असायला हवेत तिथे आले. जुना कूलर मी खोक्यात घालून माळ्यावर टाकला.

अप्पा मशीनपाशी येऊन बसले. थोड्या वेळाने उठले. पुन्हा येऊन बसले. "याचा आवाज वेगळा आहे," म्हणाले, आणि बाल्कनीत गेले.

त्यानंतर ते बाल्कनीतच बसू लागले. ऊन सरकेल तशी खुर्ची सरकवत. ऊन गेलं की स्वयंपाकघरात यायचे आणि गॅसपाशी उभे राहायचे. मी भाजी परतत असताना इतके जवळ की मला कोपर हलवता येत नसे. बोलणं कमी झालं. विचारलं तर उत्तर यायचं, पण मध्ये इतका वेळ जायचा की प्रश्न मी विसरलेली असायचे.

"डॉक्टरकडे जाऊ या का?"

बऱ्याच वेळाने, "नको. ते हात धरतात."

एका दुपारी मी कपड्यांना इस्त्री करत होते. फोन आला म्हणून इस्त्री उभी करून आत गेले. परत आले तर अप्पा टेबलाशी उभे, आणि त्यांचा तळहात इस्त्रीच्या पत्र्यावर सपाट टेकलेला.

"अप्पा!"

मी हात ओढून काढला. तळहातावर डाग नाही, फोड नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या पुढ्यातलं ताट उचललं होतं.

"बरं वाटत होतं गं."

इस्त्रीचा लाल दिवा लागलेला होता. मी भीतभीत पत्र्याला बोट लावलं. गार होता.

अप्पांच्या हत्यारांच्या पेटीत तापमान मोजायची एक बंदूक होती, एसीच्या तोंडाशी धरून गारवा तपासायची. नळ्या तपासताना आम्ही ती वापरली होती आणि ती टेबलावरच राहिली होती. ते पाठमोरे होऊन बाल्कनीकडे निघाले, तेव्हा मी ती उचलली. आधी भिंतीवर धरली. मग खुर्चीवर. मग त्यांच्या मानेवर, नुकत्याच कापलेल्या केसांच्या खाली.

तिन्ही आकडे एकच होते.

सेल उतरला असेल. मी बंदूक माझ्या मनगटावर धरली. तिथे आकडा बरोबर आला, जिवंत माणसाचा येतो तेवढा.

अप्पा दारात थांबले होते. वळून बघत नव्हते.

"काय निघालं?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे सगळं."

"मग झालं तर," ते म्हणाले आणि उन्हात जाऊन बसले.

मी बंदूक ड्रॉवरमध्ये ठेवली. पुन्हा मोजलं नाही. न मोजलेली गोष्ट निदान खोटी तरी असू शकते.

५

खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहायचं. त्यांच्या तान्ह्या मुलाला अप्पांनी 'मॅनेजर' नाव ठेवलं होतं, कारण स्वतः काडीचं काम न करता ओरडून सगळ्यांना पळवतो. त्याची आई त्या दिवशी धावत वर आली. मूल खांद्यावर, तोंड लाल, डोळे अर्धवट मिटलेले.

"ताई, जरा धरता का याला? अंग नुसतं फणफणलंय. कोपऱ्यावरून औषध घेऊन आलेच."

मी हात पुढे करायच्या आत अप्पा उठले. गेल्या कित्येक दिवसांत इतक्या चपळाईने ते हलले नव्हते.

"आण इकडे मॅनेजरला."

तिने मूल त्यांच्याकडे दिलं आणि ती जिना उतरली. अप्पांनी त्याला छातीशी धरलं, गालाला गाल लावला. मूल किरकिरत होतं, ते गप्प झालं. मी म्हटलं, बघा, ओळखतं. मी पाणी ठेवायला वळले. मागून अप्पांची शीळ ऐकू आली.

मी वळले. अप्पांचे गाल लालीने भरले होते. मुलाचे ओठ निळसर होते.

मी झडप घालून ते ओढून घेतलं. नळाखाली धरलेल्या भांड्यासारखं लागलं हाताला. पदराखाली घेतलं, शाल गुंडाळली, पाठ चोळली, तोंडाने त्याच्या मुठी फुंकल्या. शेवटी त्याने एवढा मोठा टाहो फोडला की भिंती दणाणल्या. तसं रडणं मी उभ्या आयुष्यात इतक्या आनंदाने ऐकलं नाही.

आई परतली, कपाळाला हात लावला आणि बघतच राहिली. "अगबाई, ताप उतरला की! आजोबांच्या हाताला गुण आहे हो."

अप्पा स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. ती गेल्यावर दार लावून मी उभी राहिले तेव्हा ते हळूच म्हणाले, "मी काय केलं गं?"

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले.

"ते पोर पुन्हा माझ्याकडे देऊ नकोस. मी मागितलं तरी. ऐकतेस ना? मी मागितलं तरी."

"नाही देणार."

मी तडक माळ्यावर चढले. जुना कूलर काढला, नवा उतरवला, बंद पंप पुन्हा प्रोसेसरवर बसवला. लावायला कुठलंच काम नव्हतं, म्हणून एक रिकामं घर उभं केलं. भांडी नाहीत, उशा नाहीत, माणसं तर नाहीतच. त्यालाच रेंडर लावलं. अप्पा खुर्चीत बसले, नळी हातात धरली आणि डोळे मिटले. हळूहळू त्यांच्या तोंडावर रंग आला.

"झोपा आता," मी म्हटलं.

"हो. तू बंद करू नकोस हं."

६

मी बंद केलं नाही. बरेच दिवस तसेच गेले, आणि ते बरे गेले. अप्पा पेपर वाचायचे, माझ्या भाजीला नावं ठेवायचे, माझं लग्न कसं राहिलं यावर तेच तेच विनोद करायचे. मशीन रिकाम्या घरांची चित्रं काढत राहायचं. मी ती पुसून टाकायचे. खालून मूल रडल्याचं ऐकू आलं की मी रेडिओ मोठा करायचे. माणूस कशालाही सरावतो, आणि मला तर माझे वडील हवे होते.

मग एका सकाळी लाईट गेली. रस्ता खणताना कुणीतरी केबल तोडली होती. गल्लीत माणसं खड्ड्याभोवती उभी राहून एकमेकांना दोष देत होती.

मी अप्पांना उन्हात नेलं, पण आभाळ भरलं होतं. गॅस पेटवला, पाणी उकळलं, त्यात त्यांचे हात बुडवले. पाणी निवलं. पुन्हा उकळलं, पुन्हा निवलं. गॅसची टाकी फुस्स करून संपली. त्यांच्या डोळ्यांतलं ओळखीचं जे काही असतं ते विहिरीतलं पाणी आटावं तसं खाली खाली जाताना मी पाहिलं.

मी शेजाऱ्यांकडून गरम पाण्याची पिशवी मागावी, कुणाची गाडी मागावी, असं काहीबाही ठरवत चपला शोधायला गेले. तेवढ्या वेळात ते खुर्चीतून उठले होते.

ते बाहेरच्या दाराशी उभे होते. गाल दाराच्या फळीला चिकटवलेला. खाली मूल रडत होतं. अप्पा ऐकत नव्हते. कान दुसऱ्या बाजूला होता. ते गालाने काहीतरी चाचपत होते, आंधळं मांजरीचं पिल्लू आई शोधतं तसं, वर, खाली, आणि नेमकं त्या आवाजाच्या दिशेला येऊन थांबत होते.

कडीवर त्यांचा हात होता.

पायऱ्यांवर पावलं वाजली. दारावर टकटक.

"ताई? आजोबा आहेत का? याला पुन्हा कणकण आहे, म्हटलं जरा त्यांच्याजवळ द्यावं."

मी धावले. अप्पांच्या आणि दाराच्या मध्ये शिरले, पाठ फळीला टेकली आणि त्यांचे दोन्ही हात कडीवरून सोडवून माझ्या हातांत धरले.

"आजोबा झोपलेत गं," मी ओरडून म्हटलं. "त्यांना बरं नाही. तू डॉक्टरकडे ने त्याला. आत्ताच्या आत्ता ने."

थोडा वेळ ती दाराबाहेर घुटमळली. मग पावलं उतरली.

अप्पा माझ्याकडे बघत होते, पण मी कोण हे त्यांना माहीत नव्हतं. इतक्या जवळून मी तो चेहरा पाहिला आणि तो पुन्हा पाहावा लागू नये असं मला वाटतं. त्यात राग नव्हता. वाईट असं काहीच नव्हतं. रिकाम्या खोलीचं दार उघडं राहावं, तेवढंच.

माझी बोटं आधी बधिर झाली. मग मनगटं. गारवा असा आत आलाच नाही, नुसतं माझं माझ्यातून कमी होत गेलं. त्यांच्या गालांवर रंग चढला. डोळ्यांत हळूहळू अप्पा वर आले, आणि त्यांनी मला ओळखलं.

"अगं, हे काय करतेस? सोड. सोड म्हणतो ना!"

त्यांनी हात ओढायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. की त्यांचेच हात माझ्या हातांना सोडत नव्हते? आम्ही दोघंही ओढत होतो, एवढंच मला नक्की सांगता येईल. ते रडत होते. त्यांची आसवं माझ्या मनगटावर पडत होती आणि ती इतकी ऊन होती की मला तिथून हलावंसं वाटेना.

किती वेळ गेला कोण जाणे. स्वयंपाकघरात फ्रिज घरघरला. लाईट आली होती.

"अप्पा," मी म्हटलं. जीभ जड झाली होती. "सोडा आता. मी मशीन लावते."

त्यांचं रडणं थांबलं होतं. ते फार प्रेमाने माझ्याकडे बघत होते. लहानपणी मी आजारी पडले की बघायचे तसे.

"राहू दे गं," ते म्हणाले. "कशाला ती घरघर? बस जरा माझ्याजवळ."

आम्ही तिथेच दाराशी खाली बसलो, हातात हात धरून. मला भीती वाटायला हवी होती. वाटत नव्हती. नुसती हुडहुडी भरली होती, आणि तीही पुढे थांबली.

मग पाठीला, फळीच्या पलीकडून, काहीतरी जाणवलं. पावलं नव्हती, आवाज नव्हता. खाली जिन्यात कुठेतरी एक मोठी ऊब होती आणि तिच्या खांद्याशी बिलगलेली एक लहान, फणफणलेली. त्या दोन्ही पायरीपायरीने वर येत होत्या. लहान तर इतकी स्पष्ट कळत होती की कुठे तिचं डोकं आणि कुठे मुठी हेही मला सांगता आलं असतं.

मी नकळत दाराला गाल लावला.

दारावर टकटक झाली.

"ताई, डॉक्टर नाहीयेत हो," बाहेरून ती म्हणाली. "आजोबा झोपले असतील तर तुम्ही तरी घेता का याला जरा?"

अप्पांनी माझा हात सोडला, आणि मला उठायला जागा करून दिली.